गालाला लागलेला गारवा

पूर्वी शालवती नगरीवर राजा रुचिसेनाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या ओताऱ्यांच्या घरी जन्मला. काशाच्या घंटा ओतण्यात तो इतका तयार झाला, की लोक त्याला नुसते आचार्य म्हणू लागले.

आचार्यांच्या ओतशाळेची रीत ठरलेली होती. शिष्याने पाच वर्षे माती मळायची, मग घंटेच्या मेणाच्या नमुन्याला हात लावायचा आणि अखेरीस विस्तवापाशी उभे राहायचे. धातू ओतण्याआधी साच्याला गाल लावून पाहायचे. गारवा लागला तर आत ओल आहे असे समजून थांबायचे. ओल्या साच्यात रस पडला की तो फुटतो आणि भोवतालची माणसे भाजून मरतात. ही परीक्षा सांगून येत नाही. मातीत पाच वर्षे घालावी लागतात.

कालक नावाच्या शिष्याचा हात मेणात असा काही चाले, की आचार्यांना भुरळ पडली. त्यांनी त्याला दोनच वर्षांत मातीतून उठवले. भाता चालवणारी म्हातारी चित्रा तेव्हाच म्हणाली होती, की लाड शिष्याचे करावेत, विद्येचे करू नयेत. आचार्य नुसते हसले.

पुढे व्हायचे तेच झाले. आचार्यांची नजर अधू झाली असे कालकाने राजाच्या कानी घातले आणि मुख्य ओताऱ्याचे पद मिळवले. ज्यांनी हाताला धरून शिकवले, त्यांनाच त्याने माती मळायला बसवले. गुरूची विद्या गुरूला फळली, दुसरे काय! आचार्यांच्या ते फार जिव्हारी लागले. पण माती त्यांनी कसून मळली.

एकदा विजयोत्सवासाठी मोठी घंटा ओतायची होती. राजा येऊन बसला. खड्ड्याभोवती आठ कामकरी उभे राहिले. कालकाने साच्याला गाल लावून मान डोलावली. त्याच्या मागून आचार्यांनी गाल लावला, तर साचा गार. चार दिवस थांब, असे त्यांनी त्याला हळूच सांगितले.

कालक सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आचार्य, तुम्ही आपली माती बघा."

वितळलेल्या काशाने भरलेली मूस उचलली गेली. तेव्हा आचार्यांनी कोपऱ्यातला घण घेतला आणि साचा फोडून टाकला.

राजा संतापून उठला. कालकाने एक खापरी उचलली. ती आतून ओली होती. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग त्याने ती खापरी मुठीत मिटली.

"महाराज, माझं पद यांना बघवत नाही," तो म्हणाला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आचार्य बोलले असते, तर कालकाचे मस्तक गेले असते. त्यांनी हद्दपारीची आज्ञा मुकाट ऐकून घेतली. जाताना ते कालकाजवळ थांबले.

"मातीची तीन वर्षं मी तुला चुकवू दिली," ते म्हणाले. "ती आता तुझ्या मुठीत आहेत."

आठांपैकी एकानेही मान वर केली नाही. चित्रा तेवढी त्यांच्याबरोबर गेली.

पुढचा साचा कालकाने महिनाभर वाळवला. घंटा सुरेख वाजली आणि राजाने त्याला सोन्याचे कडे दिले. नदीपलीकडे मडक्यांची माती मळताना आचार्यांनी तो नाद ऐकला. पोरगा शिकला, एवढे त्यांना कळले.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कालक तो आजचा देवदत्त. चित्रा ती भिक्षुणी उत्पलवर्णा. आचार्य मी होतो. ते आठ कामकरी कोण, हे मी सांगत नाही; ते इथेच बसले आहेत. त्या जन्मी मी जे जोडले, त्याला क्षांती, म्हणजे सोसण्याचे बळ, म्हणतात. ती गोड लागते असे कोणी सांगितले, तर खरे मानू नका."