दगड झाला तरी चालेल असा माणूस

एका राज्यात नवलांची इतकी रेलचेल होती, की तिथे कुणाला नवलाचे नवल वाटत नसे. विहिरीतले कासव वाऱ्यापावसाचे भाकीत सांगे, चिंचेवरचा मुंजा पोरांकडून पाढे घोकून घेई. त्या राज्याचा राजा मणिकेत. त्याच्या दरबाराची एक रीत होती. गाऱ्हाणे मांडायचे, तर आधी एखादे नवल सांगायचे. नवल मनास आले तर गाऱ्हाणे ऐकले जाई, नाही तर माणूस आल्या पावली परत.

एके दिवशी घोंगडी पांघरलेला म्हातारा दरबारात आला.

"महाराज, एक गाऱ्हाणं आहे."

"आधी नवल सांग."

"आमच्यात कसलं आलंय नवल? उठतो, राबतो, जेवतो, निजतो."

राजा हसला. "असली माणसं असली काय आणि दगड झाली काय, सारखंच."

म्हाताऱ्याने घोंगडी टाकली. आत होता मांत्रिक नीलजट. त्याच्या जटा निळ्या ज्योतींसारख्या हलत होत्या.

"सारखंच ना? मग तसा एक माणूस मला आणून दे. दगड झाला तरी कुणाला कळणार नाही, असा. त्याला दगड करीन, तुला सोडीन. तोवर तू पायांपासून दगड होत जाशील. घरं तीनच पाहायची, आणि जायचं ते तुझ्या रक्ताच्या माणसानं."

राजाची पावले जागच्या जागी पाषाणाची झाली. मांत्रिक सिंहासनाच्या पायरीवर मांडी घालून बसला.

राजाला एकच लेक, मंजुलेखा. पाल चुकचुकली तरी दचकणारी. पण बापाची पावले पाहिली आणि ती निघाली. सोबतीला वाड्यातली साळुंकी घेतली. कुणाचे काही बिघडणारच नसेल तर त्यात पाप कसले, असे वाटभर मनाशी घोकत राहिली.

पहिल्या गावात हौसाक्का नावाची बाई भाकऱ्या थापत होती. मंजुलेखेने भीत भीत सगळे सांगितले.

"दगड व्हायचं?" हौसाक्काने भाकरी उलटली. "होते की. पाय तरी दुखायचे थांबतील. माझ्यावाचून कुणाचं अडतंय?"

आतून खाट करकरली. "सकाळपासून नुसती कटकट. भाकरी करपली बघ."

"नाही करपली. गप पडा."

"आमच्या सासूबाई," हौसाक्का म्हणाली. "डोळे गेलेत. तोंड नाही गेलं."

साळुंकी खिडकीवर उतरली. "आजीबाई, सुनेला नेतोय आम्ही. चालेल ना?"

खाट पुन्हा करकरली. मग म्हातारी म्हणाली, "हिला नेऊ नका. हिची कटकट सुरू झाली की मला कळतं, उजाडलं म्हणून. नाही तर मला कुठली सकाळ आणि कुठली रात्र?"

हौसाक्काचा हात परातीत थांबला. मग ती फुरंगटून म्हणाली, "हे इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नाही ते."

"डोक्यावर बसली असतीस."

मंजुलेखा एकटीच उंबरठ्याबाहेर आली. तिकडे राजा गुडघ्यापर्यंत दगड झाला.

दुसरे घर नदीकाठी होते, येसू नावाड्याचे. तिथल्या डोहात एक आसरा, पाण्यातली भुतीण, राहत असे आणि पूर्वी ती माणसे ओढून नेई. येसू काठावर पाय सोडून बसला होता.

"माझं काय, बाईसाहेब," तो म्हणाला. "दिवसा होडी हाकतो, संध्याकाळी इथं बसून गप्पा मारतो. यात काय मोठंसं? चला, येतो."

"गप्पा कुणाशी?"

पाणी दुभंगले आणि हिरव्या केसांची आसरा वर आली. मंजुलेखा इतकी दचकली की खालीच बसली.

"माझ्याशी," आसरा म्हणाली. "कुणाकडे काय शिजलं, कोण कुणावर रुसलं, सगळं सांगतो हा. ऐकता ऐकता माणसं ओढायची राहूनच जातात."

"असलं काय असतं त्यात ऐकण्यासारखं?" साळुंकीने विचारले.

"तुला नाही कळायचं. पाटलाच्या सुनेनं लोणचं घातलंय आणि सासूला न विचारता त्यात गूळ टाकलाय. बरणी अजून उघडायची आहे. याला आज नेलंस, तर उद्यापासून या डोहात पाय घालून दाखवा कुणी."

येसू ओशाळून हसला. "तिला आपली सवय झालीय, बाईसाहेब."

मंजुलेखा परतली. राजा कमरेपर्यंत दगड झाला.

तिसरे घर डोंगरावर, जिथे वाट संपते तिथे. गार वारा सुटला होता, तिचे दात वाजत होते. दारात एकटा माणूस उभा होता. त्याने काही न विचारता तिला चुलीपाशी बसवले आणि वाडगाभर ऊन पेज हातात दिली. ती प्यायल्यावर मग विचारले, "काय काम काढलंत?"

तिने सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "मग मीच तो. बायको नाही, लेकरू नाही, शेजार नाही. कोंबडीसुद्धा नाही. राजा सुटत असेल तर चांगलंच झालं."

"मिळाला," साळुंकी म्हणाली. "उचला पाय."

मंजुलेखेला हुंदका आला. तिचे आबासाहेब सुटणार होते. माणूस उठला, विस्तवावर त्याने राख ओढली, पेजेचे मडके वर ठेवले आणि दार सताड उघडे टाकले.

"हे कशाला?" तिने विचारले.

"कुणी वाट चुकून आलं तर. रोज ठेवतो."

"येतं कुणी?"

"तुमच्याआधी कुणी नाही आलं."

मंजुलेखा उंबरठ्यावर थबकली. तिचे हात अजून वाडग्याने ऊन होते.

"चला ना," साळुंकी कुजबुजली. "हा दगड झाला तर कुणाला कळणार आहे?"

"मला," मंजुलेखा म्हणाली. आणि ती वळून एकटीच धावत सुटली, वाटभर रडत.

ती दरबारात पोचली तेव्हा दगड राजाच्या गळ्याशी आला होता.

"आणलास?" राजाने विचारले.

"नाही आणला, आबासाहेब. असा माणूस शोधायला गेलं की तो भेटतो. आणि भेटला की तो तसा राहत नाही."

नीलजट उठला. त्याने हात उचलला.

"ती सांगून होईपर्यंत थांब," राजा म्हणाला. मंजुलेखेने सगळे सांगितले. सासूच्या सकाळीपाशी राजा हसला, आसरेच्या लोणच्यापाशी त्याने भुवया उंचावल्या, आणि डोंगरावरच्या माणसापाशी त्याचे डोळे भरले.

"नाव काय त्याचं?"

मंजुलेखा चपापली. "विचारायचं राहिलं."

"राहिलं? त्याची पेज प्यालीस आणि नाव नाही विचारलंस?"

"थंडी फार होती, आबासाहेब."

"ते काही नाही. चल, आत्ताच विचारून येऊ," असे म्हणून राजा उठला.

उठला, आणि मग त्याला कळले की आपण उठलो. पायाशी दगडाच्या कपच्या पडल्या होत्या. नीलजटाने घोंगडी खांद्यावर टाकली. "आता तो दगड झाला, तर तुलाही कळेल," असे म्हणून तो चालता झाला.

त्या दिवसापासून दरबारात आधी नाव विचारू लागले, मग गाऱ्हाणे ऐकू लागले. पण ते नंतर. आधी बापलेक डोंगर चढून गेले. राजाने दारातूनच विचारले, "नाव काय तुमचं?"

माणूस क्षणभर आठवत राहिला. "सिदोजी," तो म्हणाला. "आणि तुमचं?"

"मणिकेत."

"या, मणिकेत," सिदोजी म्हणाला, आणि सरकून त्याने घोंगड्यावर जागा करून दिली.

कहाणी डोंगर उतरून खाली आली. ज्याने ऐकली, त्याच्या अंगणी सुखाने विसावली.