राजाचा मांजा आणि वाऱ्याची गरुडी

एका राज्यात, जिथे वाऱ्यालाही दरबारी मान होता, तिथली ही गोष्ट. राजा धैर्यसेनाला पतंगांचा भारी नाद. मांजा काचेचा, वर मांत्रिकाने मंतरलेला; आड येईल ते कापल्याशिवाय राहायचा नाही. झालंही तसंच! जिच्या पंखांनी राज्यात वारा वाहायचा, त्या वाऱ्याच्या गरुडीचा पंख मांज्यानं कापला. ती महालाच्या गच्चीवर कोसळली आणि राज्यातला वारा पडला.

वारा पडला म्हणजे काय, हे खळ्यावर जाऊन विचारा! मळणी झालेली, राशी पडलेल्या, आणि उफणायला झुळूक नाही. दाणा भुशातच अडकला. पोरं उपाशी झोपू लागली.

राजाला पश्चात्ताप झाला, पण राजाचाच तो! गरुडीपुढे चांदीच्या ताटात दूधभात ठेवला, गळ्यात हार घातला, भोवती नगारे वाजवले. गरुडीनं मान टाकली.

तेव्हा खिडकीतली साळुंकी राजकन्या हेमकलेला म्हणाली, "अगं, मान देऊन देऊन माराल तिला! टोपलीत घालून डोंगरावरच्या ठकूआजीकडे ने, ती पाखरांच्या जखमा बांधते. झाकण उघडू नकोस, हातानं काही भरवू नकोस, तोंडातून शब्द काढू नकोस. ती माणसाला सरावली, तर वारा कायमचा गेला."

हेमकलेनं गरुडीवर शेला टाकला, पंख मिटवून तिला अलगद टोपलीत ठेवलं आणि निघाली. वाटेत टोपलीतून आवाज आला, "एकदा तरी बघ ना माझ्याकडे." तिचा जीव तुटला, पण झाकणावरचा हात हलला नाही. वेशीवर बायका दुधाची वाटी घेऊन उभ्या; ती हात जोडून पुढे गेली. खिंडीत खुद्द राजा घोडा घेऊन आडवा आला.

"कुठे नेतेस तिला?"

तिनं टोपली छातीशी धरली.

"बापाला उत्तर देत नाहीस?"

हेमकलेच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती घोड्याला वळसा घालून चढण चढू लागली. राजा संतापला, पण मुकाट मागोमाग गेला.

ठकूआजीनं जखम धुतली, पंख बांधला. हेमकला रोज पडद्याआडून मांस सरकवी. चेहरा दाखवायचा नाही, बोलायचं नाही. तोवर राजानं राजधानीत परतून कोठारं उघडली, प्रजेला पोसलं. कोठारांचाही तळ दिसू लागला.

अखेर पंख भरला. आजीनं गरुडीला कड्यावर आणलं. तिथे आलेल्या राजानं हात पुढे केला, "ये, माझ्या सिंहासनावर बस." गरुडीनं त्याच्यावर चोच वासली.

आजी म्हणाली, "पोरी, आता तू हाक मार. सरावली असेल, तर येईल."

"गरुडी, ये!"

गरुडीनं तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं, पंजे आवळले आणि झेपावली ती थेट आभाळात. मागून वारा सुटला, असा की राजाचा फेटा उडाला!

राजा कळवळला, "तुला ओळखलंसुद्धा नाही गं तिनं!"

"नाही ना ओळखलं?" हेमकला रडत रडत हसली. "मग जमलं मला, बाबामहाराज!"

राजानं लेकीपुढे मान लववली, आणि घरी येताच मांज्याची फिरकी चुलीत घातली. खळ्याखळ्यांवर सुपं उंचावली, भुसा उडाला. गरुडी आपल्या कड्यावर पोचली, दाणा आपल्या कणगीत पोचला. तसं ज्याचं त्याचं, ज्याच्या त्याच्या ठिकाणी पोचो.