शेजारच्या खाटेवरची प्रार्थना

“पण पदव्युत्तर वर्गात घेताना भाषा तरी बघायची की नाही, सर?”

उल्हास मकासरे आमच्या सेमिनरीतला, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजातला, सर्वांत हुशार विद्यार्थी. घरात तीन पिढ्या चर्चचे पाळक. ग्रीकमध्ये पहिला. प्राचार्य रणपिसे सरांनी पुढे केलेल्या खुर्चीत न बसता तो उभाच होता.

माझा नवरा त्याच्याच वर्गात. मी सरांच्या बाईंसोबत ओसरीच्या टोकाला वालाच्या शेंगा सोलत होते. नव्या नवरीला कुणी ऊठ म्हणत नाही. बोल असंही म्हणत नाही.

“कुणाची भाषा?” सरांनी विचारलं.

“माझ्या खोलीतल्या जालम वळवीची. पहाटे उठतो आणि त्याच्या मावची बोलीत मोठमोठ्यानं प्रार्थना करतो. तिकडे त्याच्या घरी नंदुरबारला ऐकू जात असेल. मला एक अक्षर कळत नाही.”

“वर्गात मिझोरामची मुलं आहेत, केरळची आहेत, ओडिशाची आहेत. त्यांची प्रार्थना कळते?”

“ते मनात करतात.”

बाईंनी हसू पदरात दडवलं.

“मला ती कोपऱ्यातली रिकामी खोली द्या, सर. याच्या आवाजात माझी प्रार्थनाच होत नाही.”

“कधीपासून होत नाही?”

उल्हासनं खुर्चीची पाठ धरली.

“आईला ॲडमिट केल्यापासून.”

हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं.

उल्हास आपणहून खुर्चीत बसला.

“जालमचा एकही शब्द कळत नाही?”

“माझं नाव कळतं. रोज घेतो. देवाकडे चहाड्या करत असेल.”

“करत असेल… आणखी?”

“शेवंता.”

“बायबलातली असेल कुणीतरी.”

“शेवंता बायबलात नाही, सर. आईचं नाव आहे. मी त्याला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात फोन लावला की मी नाव सांगतो, तेव्हा ऐकलं असणार.”

“विचारलंस त्याला?”

“नाही… आम्ही बोलत नाही.”

शेंगा सोलायच्या राहिल्या. आमच्याही लक्षात आलं नाही.

सर उठून आत गेले. कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली घेऊन आले आणि उल्हासच्या तळहातावर ठेवली.

त्यानं मूठ मिटली नाही. हात तसाच उघडा.

“घे,” सर म्हणाले. “खोली चांगली आहे. एकदम शांत. मात्र तिथं आईसाठी देवाशी तुला एकट्यालाच बोलावं लागेल… जमेल?”