पुसू नये

शाळेतले फळे लाकडाचे असत, त्या काळी एका डबीत दोन खडू भाऊ राहत. थोरल्याने फळ्यावर प्रश्न लिहिला: चारपासून पुढची प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? एकेक संख्या तपासताना तो झिजून संपला.

संध्याकाळी डस्टर फळा पुसायला निघाला. धाकटा आडवा आला. "काका, थांबा! उत्तर मी काढतो."

"त्यातच तुझा दादा गेला. उपयोग काय झाला?"

"मूळ संख्या ओळखायची सोपी रीत त्याला यातच सापडली. पोरं तीच वापरतात!"

धाकटा भराभर लिहू लागला. प्रत्येक संख्या जुळली, पण संख्या संपेनात. तोच संपत आला. उरलेल्या तुकड्याने त्याने प्रश्नाभोवती चौकट आखली आणि लिहिले, 'पुसू नये.'

डस्टरने चौकट सोडून बाकीचा फळा पुसला. नव्या खडूंना जागा झाली.