आठव्या चॅनेलची शांतता

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंना सोबत न घेता, पहिल्यांदाच एकटी, टाकी तपासायला गेली. कागदाच्या गिरणीतली ती टाकी. तिच्यात उसाचं चिपाड क्षाराच्या पाण्यात, वाफेच्या दाबाखाली शिजत असे. क्षार आतून पोलाद खातो. बाहेरून रंग दिला की टाकी नव्या नवरीसारखी दिसते, आणि आतून कसं चाललंय हे तिला विचारायची पद्धत नसते.

विचारायला गुरूंकडे आठ चॅनेलचं यंत्र होतं. आठ प्रोब टाकीच्या भिंतीवरून एकदम फिरवायचे. प्रत्येक प्रोब कानाला न ऐकू येणारा ध्वनी धातूत सोडतो आणि परतणारा प्रतिध्वनी टिपतो. वाटेत भेग लागली की त्या चॅनेलचा लाल दिवा लागतो. शिष्येने सगळी टाकी पालथी घातली. एकही दिवा लागला नाही. तिने 'निर्दोष' असा दाखला दिला, मालकांनी पेढे मागवले, टाकी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी गुरूंनी यंत्रात साठलेल्या लहरी पाहिल्या. मग यंत्र चालू करून त्यांनी आठवा प्रोब खिडकीबाहेर, नुसत्या हवेत धरला.

"दिवा लागला?"

"नाही, सर."

"म्हणजे हवा निर्दोष. लिही दाखला."

सरांचं आता वय झालं, असं शिष्येच्या मनात येऊन गेलं.

गुरू म्हणाले, "भेग दिसली नाही, ही अर्धीच गोष्ट. ध्वनी भिंतीच्या पलीकडच्या कडेला आपटून परत यायला हवा. तो आला, तरच आपण विचारलं आणि भिंतीने उत्तर दिलं असं म्हणायचं. या सातांत तो आलाय. आठव्यात भेग नाही, तशी पलीकडची कडही नाही. तो प्रोब फिरला त्या खालच्या जोडावर गंज होता?"

"होता. खडबडीत लागत होतं."

"तिथे प्रोबखाली लावलेलं जेल टिकलं नाही. मध्ये हवेचा पापुद्रा राहिला आणि ध्वनी आत शिरलाच नाही. तू दिव्यांकडे बघत बसलीस, आणि भिंतीच्या गप्प बसण्याला तू होकार समजलीस, बाई."

दोघं तशीच गिरणीत गेली. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग, भेग आहे का?"

"माहीत नाही," गुरू म्हणाले. "टाकी थंड करा, जोड घासून द्या, मग सांगतो."

"काल निर्दोष, आज माहीत नाही. उद्या म्हणाल टाकीच नाही. सर, भेग दाखवा, या क्षणी बंद करतो. 'माहीत नाही'साठी गिरणी बंद ठेवायची तर जगात चालू काय राहील?"

"दाखला परत द्या."

"तो फ्रेम करायला गेलाय."

"मला वर कळवावं लागेल."

"अवश्य कळवा. साहेब येतील तेव्हा चहा पाजू."

परतताना टाकीच्या पोटाखाली हणमा भेटला. वाफेचा व्हॉल्व्ह त्याच्याकडे. तो डबा उघडून बसला होता.

"या ताई. तुम्ही बघून गेलासा म्हणून आज हितं बसलोय. एरवी गेटाकडं जाऊन खायचो. आमची मंडळी रोज इचारायची, टाकी बरी हाय न्हवं? काल सांगून टाकलं, पास झाली."

शिष्येने गुरूंकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"हणमादादा," ती म्हणाली, "टाकी बरी आहे की नाही, मला माहीत नाही. मी नीट बघितलं नव्हतं. तुम्ही इथे बसू नका."

हणमाने मान वर करून तो जोड पाहिला. मग डब्याचं झाकण लावलं.

"जेवण नेतो की तिकडं," तो म्हणाला. "पण व्हॉल्व्ह हितंच हाय, ताई."

गुरूंनी वाटेत तिला धीर दिला नाही. देण्याजोगा धीर नव्हताच, हे तिलाही कळलं होतं.

जिथून काहीच परत येत नाही, तिथे 'सगळं ठीक' लिहिण्यापूर्वी आपण तिथवर पोचलो होतो का, एवढं तरी माणसाने स्वतःला विचारावं. नंतर विचारून उपयोग होतोच असं नाही.