प्रात्यक्षिकाचा फलक

सुगंधा खडतरे गावची कृषी सहाय्यक. तुरीचं नवं बियाणं एखाद्या शेतात पेरून गावाला दाखवायचं, हे तिचं काम. पण हे प्रात्यक्षिक दरवर्षी पंचायत समितीचे सभापती बाजीराव दुधाळ यांच्याच काळ्याभोर रानात व्हायचं. माळावरच्या हौसाबाई कोळपे तिला म्हणाल्या, "बाई, तिथं काहीबी उगवतं. आमच्या मुरमात काय पेरायचं, ते कोण दाखवणार?" सुगंधाला मान वर करता आली नाही.

यंदाच्या ग्रामसभेत सभापतींनी फर्मावलं, "तुरीचं प्रात्यक्षिक आमच्याच रानात."

"चालेल, आबा," सुगंधा म्हणाली. "फक्त रस्त्याकडेला फलक लावावा लागेल. ज्याला शेती जमत नाही, त्याला आधी शिकवायचं असतं. म्हणून लिहू, 'या शेतकऱ्याला शेती शिकवण्याचं काम चालू आहे.' खाली तुमचं नाव."

सभा खो खो हसली. सभापती लालबुंद झाले. "मला शेती शिकवणार तुम्ही?"

"गरज नाही ना? मग बियाणं कुणाला देऊ, ते तुम्हीच सांगा."

हसू थांबलं. बियाणं दरवर्षी कुणाच्या रानात जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आजवर कुणीच तोंड उघडलं नव्हतं. माणसं खाली बघू लागली.

सभापतींची नजर सभेत बसलेल्या हौसाबाईंवर गेली आणि तिथून जमिनीवर. "माळावर पेरा," ते पुटपुटले आणि उठले.

"आबा, पेरणीला येताय न्हवं?" हौसाबाईंनी साधेपणानं विचारलं.

सभापती वाकून चपला शोधत राहिले. चपला त्यांच्या पायातच होत्या.