हौसाचं पहिलं पान

"…मग माझ्याच हौसाचं पान का उलटत नाही? तेवढं सांगा, बुवा. मग मी गप खाली उतरतो."

भिवा सनगर मठाच्या पायरीवर उभा होता. चढ चढून धाप लागलेली, पण गडी बसला नाही. कुणी बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही, आणि म्हटलं तरी लगेच बसायचं नाही, हा त्याचा खाक्या.

माणूस ताठच. पण त्याचा ताठा फुकटचा नव्हता बरं का. त्याच्या मागावरचं घोंगडं अंगावर घेतलं की पावसाची काय बिशाद आत यायची! सात गावांत त्याचं नाव होतं. भिवाने जन्मात कुणापुढे मान तुकवली नव्हती, आणि लेक मठात शिकायला लागल्यापासून तर ती मान आणखीच वर गेली होती.

म्हणून तर त्याला इतकं झोंबलं होतं.

नाथबुवा अंगणात बसून फडक्यातून माती चाळत होते. त्यांच्या मठात वह्या नव्हत्या. पोरं लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने लिहायची. साऱ्या मठात मिळून पुस्तक एकच, तेही शिवून शिवून जाड झालेलं. बुवा शिकवण्याचं कुणाकडून काही घेत नसत.

अट मात्र होती. शिकलेलं पान पोराने घरी कुणातरी एकाला शिकवायचं. आई, आजी, काका, कुणीही चालेल. त्या माणसाने सोमवारी वर येऊन बुवांसमोर धुळीत ते लिहून दाखवायचं. घरच्याला आलं, तरच पोराचं पान उलटायचं.

"चार महिने झाले," भिवा म्हणाला. "गणा लोहाराचं पोर सातव्या पानावर गेलं. त्याला धड स्वतःचं नाक पुसता येत नाही! आणि माझी पोर अजून पहिल्यावर. बाजारात लोक विचारतात, काय भिवा, लेक कुठवर आली? काय सांगू त्यांना?"

"पहिल्या पानावर आहे म्हणून सांग."

भिवाच्या डोक्यात तिडीक गेली.

"ठीक आहे. उद्यापासून पोर वर येणार नाही. लोकर पिंजायला बसवतो तिला घरी. निदान चार लोकांत हसं तरी होणार नाही."

बुवांचा हात थांबला.

"हौसाला अख्खं पुस्तक तोंडपाठ आहे," ते म्हणाले. "थोरल्या पोरांचं ऐकून ऐकून पहिल्या महिन्यातच झालं. एवढ्या वर्षांत असं पोर माझ्याकडे आलं नव्हतं."

भिवाची छाती फुगली. मग त्याला काही सुधरेना.

"मग अडलंय कुठं?"

"तिचा शिष्य अडलाय."

"हात्तिच्या!" भिवाने मांडीवर थाप मारली. "म्हणजे आमची तुळसा! बायकोच ती, चुलीपासून हलेल तर शपथ. आज बसवतोच तिला."

"हौसाने आईचं नाव दिलं नाही."

"मग आमच्या म्हातारीचं?"

बुवांनी नकाराची मान हलवली.

भिवाचा आवाज खाली आला. "माझं?"

"मी परोपरीने सांगितलं तिला. पोरी, आई घे, झटक्यात पुढं जाशील. तर म्हणाली, नाही. आमच्या आबाइतकं हुशार कुणी नाही. शिकवीन तर त्यालाच. नाहीतर बसेन जन्मभर पहिल्या पानावर." बुवा हसले. "एवढी ताठ पोर कुणाच्या घरची, ते तूच ओळख."

भिवा आता बसला. न सांगता बसला.

रोज संध्याकाळी पोर मागाशेजारी येऊन उभी राहायची. आबा, बोट दे. आणि तो म्हणायचा, हात गुंतलाय बाई, खेळ तू. त्याला वाटायचं, पोर खेळतेय. मग तिने कोळशाने मागासमोरच्या भिंतीवर पहिल्या पानावरची ती एकुलती ओळ लिहून काढली. भिंत घाण केली म्हणून तो ओरडला होता तिच्यावर. पण पुसली नव्हती. आलेल्या गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायचा, बघा, आमच्या हौसाचं अक्षर! आणि पोर रोज तीच ओळ मोठ्याने म्हणत बसायची. अरे देवा. ती काय स्वतःसाठी म्हणत होती होय?



"बुवा," तो म्हणाला, "मला… मला येत नाही लिहायला."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्याने कुणाला ऐकवलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

बुवांनी चाळलेली माती फळीवर पसरली आणि फळी त्याच्यापुढे सरकवली.

"बुवा, थट्टा करू नका."

बुवांनी फळी आणखी पुढं सरकवली.

भिवाने बोट पुढं केलं. घोंगड्याची एकेक दशी डोळे मिटून ओवणारं बोट, आणि या मूठभर धुळीपुढं अडून बसलं होतं!

त्याने डोळे मिटले. समोर भिंत आली, भिंतीवरचा कोळसा आला, पोरीचा आवाज आला.

मग त्याने एक गंमत केली. शिकलेला माणूस आधी अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ ओढतो. भिवाने आधी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ताणली, मागावर सूत ताणतात तशी. आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर अडकवत गेला.

वड बघ. घर बघ. झटपट चल.

'झ' जरा कलंडला होता. बाकी सगळं जागच्या जागी.

बुवांनी वाकून एकेक अक्षर पाहिलं.

"हा 'घ' हौसाचाच," ते म्हणाले. "पोटात थोडा जास्त वळतो. मी चार वेळा सांगूनही तिने बदलला नाही."

"कशाला बदलेल?" भिवा म्हणाला. "चांगला तर आहे!"

आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्याने पुसलंही नाही. पाहू दे कुणाला पाहायचं ते. त्याची नऊ वर्षांची पोर चार महिने एकाच पानावर बसून राहिली होती, सगळ्या पोरांचं हसणं गिळून, आणि तिने एका आडमुठ्या सनगराला लिहायला शिकवलं होतं. त्याला कळूही न देता! सात गावांत आहे कुणाची अशी लेक?

बुवांनी पुस्तक उघडलं. पहिलं पान हलकेच उलटलं आणि दुसऱ्या पानात हौसाच्या नावाचा दोरा ठेवला.

"फळी पुसू नका हां, बुवा," भिवा घाईने म्हणाला. "दुपारी पोर येईल. तिला दिसू दे."

"नाही पुसत."

भिवा उठेना. उन्हं अंगणात आली तरी उठेना. खाली माग वाट बघत होता, पण त्याची नजर त्या उघड्या पुस्तकावरून हलत नव्हती. शेवटी मांडी ठोकून, पोरासारखा पुढं सरकला.

"बुवा, मलाही द्या की दुसरं पान. आत्ताच द्या. बसतो मी इथं."

बुवांनी पुस्तक मिटलं आणि फडक्यात गुंडाळलं.

"दिलं असतं रे भिवा… पण तुझी तुळसा अजून पहिल्याच पानावर आहे."